रुपयात किती पैसे जमेल? कोलेस्टेरॉलविषयीच्या प्रश्नांबाबत आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
तसेच
राज्यातील परिचर्या महाविद्यालयांतील आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागांतील सर्व अध्यापक

विषय : कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणाऱ्या सवयी आपल्याला जमतील असे प्रौढ व्यक्तींना कितपत वाटते, याचे मोजमाप करण्याबाबत.

महोदय/महोदया,

सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय मी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवला. त्या काळात एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींचे जे प्रबंध माझ्या नजरेखालून गेले, त्यांपैकी बहुतेकांचे शीर्षक ‘अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित अध्यापनाचा होणारा परिणाम’ याच साच्यातले होते. तीस प्रश्नांची पूर्वचाचणी घ्यायची, तक्ते दाखवून पाऊण तास शिकवायचे, सातव्या दिवशी तेच तीस प्रश्न पुन्हा विचारायचे आणि गुण वाढल्याचे दाखवून द्यायचे, अशी ती रीत. गुण वाढतातच. एखाद्या विषयावर पाऊण तास बोलून त्यावरच प्रश्न विचारल्यावर गुण वाढले नाहीत, तर शिकवणारीनेच काळजी करावी. या कारखान्यात मीही पुष्कळ वर्षे काम केले आहे, तेव्हा हा टोमणा आधी मलाच आहे.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मात्र आपली गाडी ज्ञानापाशी अडलेली नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. तळलेले कमी खावे, चालावे, तंबाखू सोडावी, हे ज्याला ठाऊक नाही असा प्रौढ माणूस मला गेल्या दहा वर्षांत क्वचितच भेटला. ठाऊक असूनही ते त्याच्या हातून का होत नाही, आणि होईल असे त्याला स्वतःला तरी वाटते का, हे विचारणारे प्रश्न आपल्याकडे जवळजवळ नाहीत. जे आहेत ते इंग्रजीतून जसेच्या तसे उतरवलेले आहेत. ते कसे विचारावेत आणि आलेल्या उत्तराचे काय करावे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी सिन्नर तालुक्यातल्या एका गावात अशीच एक उतरवलेली प्रश्नावली घेऊन बसली होती आणि मी बाजूला होते. ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या पन्नाशीच्या एका बाईंना तिने पहिला प्रश्न वाचून दाखवला : ‘निरोगी सवयींच्या साहाय्याने उच्च कोलेस्टेरॉलला प्रतिबंध करण्याबाबत आपणांस कितपत आत्मविश्वास आहे?’ खाली ‘अजिबात नाही’पासून ‘संपूर्ण आहे’पर्यंत पाच पर्याय होते. बाईंनी मेथीची काडी खाली ठेवली आणि विचारले, ‘आत्मविश्वास कशाला? मला काय भाषण करायचंय का?’

मी तेव्हा हसले, पण घरी येऊन विचार केला तेव्हा बाईंचे म्हणणे तंतोतंत बरोबर असल्याचे लक्षात आले. आपल्या बोलण्यात आत्मविश्वास हा शब्द स्टेजवर उभे राहण्याशी, मुलाखतीशी, दहावीच्या तोंडी परीक्षेशी जोडलेला आहे. फोडणीच्या तेलाशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. विद्यार्थिनीने दोन-तीन प्रकारे समजावून पाहिले, तेव्हा बाईच म्हणाल्या, ‘म्हंजे जमंल का, असंच ना?’ आणि मग त्यांनी जे उत्तर दिले ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवले : ‘तेल कमी करायला जमंल, पण सुगीत न्हाई, तवा मानसं जेवायला असत्यात. चालायचं म्हनशील तर मी दिसभर वावरातच चालती. अन् मटनाचं मला नको इचारू, ते मालकांच्या मनावर.’

विद्यार्थिनीने ‘३ : काही प्रमाणात’ या पर्यायाभोवती गोल केला.

त्या गोलात काय काय बुडाले ते पाहावे. बाईंनी तीन वेगळ्या सवयींबद्दल तीन वेगळी उत्तरे दिली होती. एकीत अडचण ठरावीक हंगामापुरती होती, दुसरीत ‘चालणे’ या शब्दाच्या अर्थाचा प्रश्न होता आणि तिसरीत निर्णय त्यांच्या हातातच नव्हता. ‘३’ या आकड्याने यांपैकी काहीच सांगितले नाही. पुढे तो आकडा इतर आकड्यांत मिसळून सरासरी निघाली, प्रमाण विचलन निघाले, प्रबंध मान्य झाला आणि विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली.

ज्या संकल्पनेचे हे मोजमाप आहे ती अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडली. विशिष्ट परिस्थितीत विशिष्ट कृती आपल्या हातून पार पडेल, असा माणसाला वाटणारा भरवसा म्हणजे ती संकल्पना, आणि असा भरवसा असेल तर माणूस सुरुवात करतो, अडथळा आला तरी टिकतो, हे त्यांचे प्रतिपादन. मराठी ग्रंथांत तिला स्वयंक्षमता, स्वकार्यक्षमता अशी भारदस्त नावे दिलेली आहेत. बांडुरांनी २००६ मध्ये अशा मापनश्रेणी कशा तयार कराव्यात यावर एक मार्गदर्शिका लिहिली आणि तिच्यात बजावले की, प्रश्न ‘करू शकाल का’ असा असावा, ‘कराल का’ असा नसावा. कारण ‘कराल का’ हा इराद्याचा प्रश्न आहे आणि क्षमतेचा भरवसा ही निराळी गोष्ट आहे. इंग्रजीत हा फरक विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवावा लागतो. मराठीत तो आपल्या क्रियापदांतच बसलेला आहे. ‘मी तेल कमी करीन’ हा शब्द देणे झाले. ‘मी तेल कमी करायला पाहिजे’ ही डॉक्टरांच्या टेबलासमोरची भाषा झाली. ‘मला तेल कमी करायला जमेल’ यात मात्र ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. म्हणजे कर्तेपणाची फुशारकी न मिरवता, परिस्थिती, वेळ, पैसा, घरची माणसे हे सगळे धरून हिशेब काय निघतो ते सांगणे आहे. मेथी निवडणाऱ्या त्या बाईंनी बांडुरांचा नियम एका शब्दात सांगितला होता.

आता कोलेस्टेरॉलसाठीच हे का, असे आपण विचाराल. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ताडण्याची प्रश्नयादी, भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम आणि घरातील आजारांचा इतिहास विचारून गुण काढले जातात, आणि चारपेक्षा अधिक गुण आलेल्या व्यक्तीला तपासणीसाठी अग्रक्रम दिला जातो. त्यानंतरची तपासणी रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची होते. कोलेस्टेरॉल त्या यादीत नाही. त्यासाठी शिरेतून रक्त घ्यावे लागते, प्रयोगशाळा लागते, खर्च येतो. यादीत ते का नाही हे मला समजते आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण याचा परिणाम असा की, ज्या माणसाला दुखत नाही, खुपत नाही आणि ज्याचा आकडा कोणी काढलेला नाही, त्याच्या बाबतीत सवयी आणि त्या सवयी जमण्याचा भरवसा, एवढ्याच दोन गोष्टी आपण त्याच्या ओट्यावर बसून आज मोजू शकतो. पहिली थोडीफार मोजतो. दुसरी मोजतच नाही.

शिवाय आपल्या राज्याचे चित्र ‘उच्च कोलेस्टेरॉल’ या दोन शब्दांत मावत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहाविषयीच्या इंडियाब अभ्यासाचा पहिला टप्पा तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झाला. त्यातील रक्तातील चरबीविषयीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांचे प्रमाण १३.९ टक्के होते, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा दुसरा एक प्रकार, जास्त असलेल्यांचे २९.५ टक्के, तर एचडीएल, म्हणजे ज्याला आपण सोयीसाठी चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते, कमी असलेल्यांचे ७२.३ टक्के. काही ना काही बिघाड असलेले ७९ टक्के. एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड या दोन आकड्यांवर कमरेचा घेर, बैठे काम, दारू, साखर आणि मैदा यांचा मोठा प्रभाव पडतो. म्हणजे आपली प्रश्नावली केवळ तूप-लोणी-अंडे यांच्याभोवती फिरत राहिली, तर ती आपल्या लोकांच्या मूळ अडचणीला वळसा घालून जाईल. संकष्टीच्या साबुदाण्याच्या खिचडीवर प्रश्न हवा. चहाबरोबरच्या खारी-टोस्टवर हवा. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून राहण्यावर हवा.

प्रश्न कसा असावा याबद्दल माझे म्हणणे नेमके आहे. सवय एक असावी आणि अडचण तिच्यासोबत बांधलेली असावी. ‘आहारातील चरबी कमी करणे जमेल का’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, आणि ज्या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात त्याने काहीही मोजले जात नाही. तोच प्रश्न पायऱ्या करून विचारावा. रोजच्या भाजीला एक पळी तेल कमी घालायला जमेल का? घरात पाहुणे असतील त्या दिवशी जमेल का? सुगीत, मजूर जेवायला असताना जमेल का? भाजीवर तवंग दिसत नाही म्हणून सासऱ्यांनी नाव ठेवले, तरी जमेल का? पहिल्या पायरीवर जवळजवळ सगळे असतात, चौथ्या पायरीवर मोजकेच उरतात, आणि कोण कुठल्या पायरीवर थांबले हेच आपल्याला हवे असलेले उत्तर आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ राल्फ श्वार्झर यांनी यात आणखी एक उपयुक्त भेद केला आहे : सुरू करण्याचा भरवसा वेगळा, टिकवण्याचा वेगळा आणि मोडल्यावर पुन्हा सुरू करण्याचा वेगळा. आपल्याकडे तिसरा सर्वांत महत्त्वाचा. श्रावणापासून दिवाळीच्या फराळापर्यंत, त्यापुढे लग्नसराई, आणि अधिक महिना असला तर जावयांसाठी अनारशांची ताटे. या पंचांगात कोणाचीही घडी मोडणारच. ‘दिवाळीत चार दिवस नेम मोडला, तर पाचव्या दिवसापासून पुन्हा जमेल का?’ हा प्रश्न मी पाहिलेल्या एकाही मराठी प्रश्नावलीत नव्हता. ‘रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही चालू ठेवायला जमेल का?’ हाही नव्हता.

शब्दांच्या बाबतीत एकच मराठी मसुदा राज्यभर पाठवू नये, अशीही विनंती आहे. नागपूरकडे तर्री म्हटले की काय ते लगेच कळते, कोल्हापुरात तिथे कट म्हणावे लागेल, खानदेशात शेवभाजीचे नाव घ्यावे लागेल आणि किनारपट्टीवर नारळाच्या वाटपाचे. अर्थ तोच राहून शब्द बदलला, तर मोजमाप बिघडत नाही. उलट शब्द तोच ठेवून अर्थ बदलला, तर बिघडते. मसुदा मराठीत झाल्यावर, ज्याने मूळ पाहिलेले नाही अशा व्यक्तीकडून तो उलट भाषांतरित करून ताडून पाहण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण पुरेशी नाही. उलट भाषांतरात ‘आत्मविश्वास’ अगदी बिनचूक परत येतो. ओट्यावर तो पोहोचत नाही. त्यासाठी दहा-बारा माणसांना प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय कळले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

उत्तराची पट्टी हा पुढचा मुद्दा. बांडुरांनी शून्य ते शंभर अशी पट्टी सुचवली आहे, दहा-दहाच्या टप्प्यांनी. ज्यांनी शाळेचे निकालपत्र हाताळले आहे त्यांना ती जमते, मात्र पस्तीसला पास हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जात नाही आणि ‘नापास’ व्हायला नको म्हणून ते चाळीसच्या खाली येत नाहीत. शाळेत न गेलेल्या माणसासाठी मी रुपया वापरून पाहिला. ‘रुपयात किती पैसे जमेल?’ असे विचारले की शेतकरी कुटुंबातले वयस्क माणूस अडखळत नाही, कारण पिकाची पैसेवारी, म्हणजे रुपयाच्या मापात सांगितलेला पिकाचा सरकारी अंदाज, त्याने आयुष्यभर ऐकलेली असते. ‘तेलाचं सत्तर पैसे. चालायचं तीस’, असे उत्तर झटकन येते. दहा-दहा पैशांचे दहा ठोकळे ओट्यावर मांडून ‘यातले किती उचलाल’ असे विचारले, तर तेही सोपे जाते. ‘सहमत’, ‘अंशतः सहमत’, ‘तटस्थ’ या शब्दांपेक्षा हे किती तरी बरे. तटस्थ असणे ही आपल्याकडे राजकारण्यांना जमणारी गोष्ट आहे.

उत्तर कोणाकडून घ्यायचे, हे आजवर आपण फारसे मनावर घेतलेले नाही. घरी गेल्यावर कर्ता पुरुष समोर येतो आणि तेल कमी करण्याबद्दल शंभरपैकी शंभरची खात्री देतो. ज्याने आयुष्यात कधी पळी हातात धरली नाही, त्याची तेलाविषयीची खात्री नोंदवून आपण काय मिळवतो? त्याच घरात स्वयंपाक करणारी सून साठ पैसे म्हणते, आणि तिचे साठ त्याच्या शंभरापेक्षा अधिक मोलाचे असतात. पुरुषाला विचारायचे असेल तर ‘कमी तेलाची भाजी पानात आल्यावर मुकाट्याने खाणे जमेल का?’ असे विचारावे. हे मी गमतीने लिहिलेले नाही. त्याच्या हातात असलेली कृती तीच आहे आणि आपण तिच्याबद्दलच विचारायला हवे. शक्य तिथे दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे. सासूच्या समोर सुनेचे साठ पैसे ऐंशी होतात, हे कुठल्याही अनुभवी सिस्टर सांगतील.

सगळा भरवसा चांगलाच असतो असेही नाही, आणि कौतुकाच्या ओघात आपण हे विसरतो. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कोलेस्टेरॉल कुठून येणार’ असे म्हणणाऱ्याचा भरवसा रुपयाच्या वर असतो. त्याच्या घरातल्या तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असे ठळक छापलेले असते, आणि ते खोटेही नसते, कारण वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल असे म्हणण्यासारखे नसते. रक्तातले कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृत तयार करते, आणि पामतेल, वनस्पती तूप, लोणी यांतील संपृक्त चरबी त्यात भर घालते, हे त्या पिशवीवर लिहिलेले नसते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आणली, ते उत्तम झाले. संपृक्त चरबी मात्र जिथल्या तिथे आहे. म्हणून भरवशाच्या प्रश्नांसोबत ज्ञानाचे दोन-तीन प्रश्न असावेतच. ज्ञान कमी आणि भरवसा जास्त, अशा माणसाला धीर देऊन चालणार नाही. त्याला आधी माहिती द्यावी लागेल. ज्ञान पुरेसे आणि भरवसा कमी असेल, तर त्याला तोच तक्ता पुन्हा दाखवणे हा त्याचा अपमान आहे.

याच्या उलट बाजूलाही काही माणसे आहेत. सुमारे अडीचशे माणसांमागे एकाला आनुवंशिक कारणाने जन्मापासूनच एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, जास्त असते. असा माणूस सगळे पथ्य पाळूनही आकडा खाली आणू शकत नाही आणि त्याला औषध लागतेच. त्याला ‘सवयींनी कोलेस्टेरॉल टाळणे तुम्हाला जमेल का?’ असे विचारणे आणि पुढच्या भेटीत आकडा वाढलेला पाहून भुवया उंचावणे अन्यायाचे आहे. प्रश्न नेहमी सवयीचा असावा, आकड्याचा नसावा. चालणे माणसाच्या हातात आहे, यकृत नाही.

इथे थोडे स्वतःबद्दल. निवृत्तीनंतर माझे एकूण कोलेस्टेरॉल २३६ निघाले. दोनशेच्या आत इष्ट, २४० पासून पुढे जास्त, म्हणजे मी उंबरठ्यावर. मी तयार केलेले प्रश्न मीच मला विचारले आणि ‘रुपयात किती’ ते प्रामाणिकपणे लिहिले. चालण्याचे ऐंशी आले. उपासाच्या दिवशी खिचडीऐवजी भगर आणि ताकावर राहण्याचे तीस आले. ज्या विषयावर मी तीस वर्षे व्याख्याने दिली, त्यात सिन्नरच्या त्या बाईंपेक्षा माझी पैसेवारी खाली होती. त्या दिवसापासून कमी गुण मिळवणाऱ्यांकडे बघण्याची माझी नजर बदलली, हे मान्य केले पाहिजे.

अध्यापक मित्रमैत्रिणींसाठी दोन तांत्रिक गोष्टी. प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबाख यांचा १९५१ सालचा अल्फा हा आकडा ०.९ आला की आपण प्रश्नावली विश्वासार्ह ठरवतो आणि चहा मागवतो. एकच प्रश्न दहा प्रकारे विचारला तरी अल्फा ०.९ येतो. पाहुणे, सुगी, पाऊस, एकटेपणा, पैशाची ओढ अशा वेगवेगळ्या अडचणींवरचे प्रश्न एकत्र आणल्यावर तो थोडा खाली आला, तर घाबरून चांगले प्रश्न काढून टाकू नयेत. दुसरे असे की, व्याख्यान संपल्यावर लगेच विचारलेल्या भरवशाला काडीची किंमत देऊ नये. ‘ताईंनी एवढं समजावून सांगितलं, नाही कसं म्हणायचं’ हा आपल्या माणसांचा सभ्यपणा आहे, आणि तो आपण परिणामकारकता म्हणून छापत आलो आहोत. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी, शक्यतो वेगळ्या व्यक्तीने विचारावे, आणि त्यासोबत एखादी डोळ्यांनी दिसणारी गोष्ट मोजावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून दरमहा दहा टक्के तेल कमी वापरण्याचे आवाहन केले होते. ते मोजणे अगदी सोपे आहे : पाच लिटरचा कॅन घरात तीस दिवस पुरत असेल, तर तो तेहतीस दिवस पुरला पाहिजे. कॅन फोडल्याची तारीख त्यावर पेनने लिहून ठेवायची, एवढेच काम. भरवसा सांगणारे घर आणि कॅन तेहतीस दिवस पुरवणारे घर एकच निघते का, हे पाहिल्याशिवाय आपली मापनश्रेणी खरी आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता विभागाला थेट विनंती. पैसेवारीचा उल्लेख मी केवळ पट्टीसाठी केलेला नाही. पन्नास पैशांच्या खाली पैसेवारी आली की गाव टंचाईत धरायचे, ही आपल्या महसुलाची जुनी रीत. तिचे निकष बदलत गेले, वादही झाले, पण कमी पैसेवारी आली म्हणून शेतकऱ्याला कोणी नापास ठरवले नाही. काहीतरी करण्याची पाळी सरकारवर आली. पैसेवारी नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी टप्प्याटप्प्याने जाहीर होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. भरवशाचे मोजमाप आपण याच अर्थाने वापरावे. एखाद्या गावातल्या बायकांचा पहाटे अर्धा तास चालण्याबद्दलचा भरवसा तीस पैसे आला, तर त्या बायका आळशी ठरत नाहीत. त्या गावात रस्त्यावर दिवा नाही, मोकाट कुत्री आहेत किंवा एकट्या बाईने पहाटे बाहेर पडलेले चालत नाही, असे त्याचे भाषांतर होते, आणि ते ग्रामपंचायतीपुढे मांडण्याचे काम समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे होते. रोज पहाटेची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्या विरारच्या माणसाचा भरवसा कमी आला, तर त्याला प्रबोधनाची गरज नसून अर्ध्या तासाची गरज आहे. तो अर्धा तास एक स्थानक आधी उतरून मिळतो का, एवढेच त्याच्याशी बोलता येईल.

माझे मागणे लहान आहे. सीबॅक फॉर्मच्या मागच्या कोऱ्या भागावर, आधी दोन-तीन तालुक्यांतच, ‘जमेल का’ या प्रकारचे पाच प्रश्न घ्यावेत : तेल, चालणे, तंबाखू, गोड-मैदा आणि मोडल्यावर पुन्हा सुरू करणे. त्या पाचांची बेरीज करू नये. बेरीज केली की पुन्हा तो ‘३’चा गोल तयार होतो. ज्या सवयीचा भरवसा सर्वांत जास्त असेल तिच्यापासून त्या घरात सुरुवात करावी, कारण बांडुरांच्या म्हणण्याप्रमाणे भरवसा वाढवणारी सर्वांत बळकट गोष्ट म्हणजे स्वतः केलेली आणि जमलेली कृती. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कोणाला तरी जमलेले पाहणे. शेजारच्या आळीतल्या बाईने कॅन तेहतीस दिवस पुरवला असेल, तर तिला बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटे बोलू द्यावे. आमच्या तक्त्यांपेक्षा ते अधिक कामी येईल. आणि हे पाच प्रश्न विचारण्याचा मोबदला आशाताईंना वेगळा द्यावा. त्यांच्या फॉर्मांत फुकटची भर घालण्याची सूचना करणाऱ्यांच्या यादीत माझे नाव जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. उत्तरांवर लक्ष्यपूर्तीचे टक्के लावू नयेत, हेही आताच स्पष्ट लिहिते. ज्या दिवशी ‘भरवसा ८० टक्के झाला पाहिजे’ असे परिपत्रक निघेल, त्या दिवसापासून तो कागदावर ८० टक्के होईल.

प्रश्नांचा कच्चा मसुदा माझ्याकडे तयार आहे. नाशिक भागातल्या बोलीत तो तपासून पाहिला आहे, वऱ्हाड आणि कोकणासाठी तिथल्या माणसांना तो बदलावा लागेल. विभागाने किंवा कोणत्याही महाविद्यालयाने मागितल्यास मी तो विनामूल्य देईन आणि प्रवासाला जमेल तोवर सोबत येऊन विचारायलाही बसेन. त्यातला पहिला प्रश्न सुगीचा आहे.

आपली,
सामुदायिक आरोग्य परिचर्येची एक निवृत्त अध्यापिका
नाशिक